सेकंदाला पन्नास

फोनमध्ये मारिओ पहिल्यांदा उघडला त्या दिवशी मी पहिल्याच खड्ड्यात पडून मेलो. दुसऱ्यांदाही तिथेच मेलो. तिसऱ्यांदा खड्डा ओलांडला आणि पुढच्या कासवावर जाऊन आदळलो. शेजारी अकरा वर्षांचा पुतण्या बसला होता. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "काका, तुमचं टायमिंग जातंय."

मला राग आला. ज्या गेमच्या पहिल्या चार पातळ्या मी एके काळी जवळजवळ न बघता पार करायचो, तो गेम माझ्या हातातून निसटत होता. आधी वाटलं, काचेवर अंगठा ठेवून खेळायची सवय नाही म्हणून होत असेल. मग ब्लूटूथचा रिमोट आणला. त्याला खरी बटणं होती. तरी मारिओ माझ्यापुढे अर्धं पाऊल धावतच राहिला. गाणंही घाईत वाजत होतं. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांना उशीर झाला की ते जसं उरकतात, तसं. म्हटलं, वय झालं आपलं. आतून आई ओरडली, "काय किरकिर लावलीय रे ती?"

वय झालं नव्हतं. गेमच वेगळ्या वेगाने चालत होता. तो का, हे शोधताना मला आपल्या लहानपणाचा एक तुकडा सापडला, आणि तो सापडला तेव्हा त्याच्यावर दुसऱ्याच देशाचं नाव होतं. ती ही हकीकत.

कांद्याच्या पैशातली कॅसेट

आमच्या घरी 'व्हिडिओ गेम' आला २००३ साली. सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याला त्या आठवड्यात बरा भाव लागला होता. वडील नाशिकला गेले आणि मेनरोडवरून एक खोकं घेऊन आले. त्यात एक हलकं प्लॅस्टिकचं यंत्र, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेट हाच आमचा शब्द. पुढे इंग्रजी लेखांमध्ये 'कार्ट्रिज' वाचलं तेव्हा हे त्याच वस्तूचं नाव आहे, हे कळायला मला वेळ लागला.

कॅसेटवर लिहिलं होतं '९९९९ इन १'. प्रत्यक्षात गेम फार तर तीस-चाळीस. तेच पुन्हा पुन्हा, कधी तिसऱ्या पातळीपासून, कधी जास्त जिवांसह. कॉन्ट्रा, मारिओ, रोड फायटर, रणगाड्यांचा, बदकं मारायचा. पडद्यावर कुठेही कंपनीचं नाव नव्हतं, कारण कॅसेट बनवणाऱ्याने ते पुसून टाकलेलं असायचं. निन्टेन्डो, कोनामी, नाम्को ही नावं मी कॉलेजात गेल्यावर ऐकली. तोवर ते सगळे गेम 'टीव्हीतले' होते.

त्यांचा खरा जन्म जपानमधला. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांच्या चमूने तो घडवला आणि किंमत ठेवली १४,८०० येन. त्यात कामाची स्मृती होती फक्त २ केबी. म्हणजे हा लेख त्यात मावला नसता. हेच यंत्र १९८५ पासून अमेरिकेत 'एनईएस' नावाने विकलं गेलं आणि जगभरात सहा कोटींहून जास्त खपलं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला १३ सप्टेंबर १९८५ ला. तो पूर्ण गेम ४० केबीचा आहे. सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटो याहून कितीतरी जड असतो.

आमच्या घरचं यंत्र मात्र निन्टेन्डोचं नव्हतं. तैवानमधल्या कंपन्यांनी फॅमिली कॉम्प्युटरमधल्या मुख्य चिपांच्या हुबेहूब नकला बनवल्या. त्यावर चालणारी स्वस्त यंत्रं दक्षिण अमेरिकेपासून रशियापर्यंत पसरली. भारतातही ती मीडिया, लिटल मास्टर अशा कितीतरी नावांनी आली. पुढे पुढे तर चिपही दिसेनाशी झाली. यंत्र उघडलं की आत काळ्या डांबरासारखा एक वाळलेला गोळा दिसायचा. त्याच्या पोटात सगळं.

म्हणजे आमचं यंत्र नक्कल, कॅसेट नक्कल, आणि गेमवरचं नाव खोडलेलं. जपानमध्ये एका पिढीकडे अस्सल होतं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नक्कलच होती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाईट आणि लय

आता वेगाकडे येऊ.

जुना टीव्ही चित्र ओळींनी काढायचा. वरून खाली एकेक ओळ, मग पुन्हा वर. हे तो सेकंदाला किती वेळा करणार, हे टीव्हीच्या पद्धतीवर ठरायचं, आणि पद्धत ठरताना विजेचा विचार झालेला होता. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तिथला टीव्ही ६० चा. युरोपात वीज ५० ची, म्हणून टीव्ही ५० चा. जपानची गंमत अशी की टोकियोत वीज ५० ची आहे, पण टीव्हीची पद्धत त्यांनी अमेरिकेची घेतली. भारतात वीज ५० ची. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते 'पाल' या युरोपीय पद्धतीने, तेही ५० चं.

फॅमिली कॉम्प्युटरचे गेम ६० वर बेतलेले होते. त्यांच्यासाठी काळ म्हणजे पडद्यावरचं चित्र. एक चित्र झालं की मारिओ इतके ठिपके पुढे, इतक्या चित्रांनी गाण्याचा पुढचा स्वर, चोवीस चित्रं झाली की कोपऱ्यातला आकडा एकाने कमी. घड्याळाचा सेकंद त्या गेमला ठाऊकच नाही. तोच गेम सेकंदाला ५० चित्रं काढणाऱ्या टीव्हीवर आला की त्याचं सगळं जगच सावकाश होतं. ६० ऐवजी ५०, म्हणजे सहा पावलांच्या वेळात पाच.

निन्टेन्डोने युरोपसाठी वेगळं यंत्र काढलं. त्यात चिपचा स्वतःचा वेगही कमी होता. सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांऐवजी १६.६ लाख. आवाज त्याच ठोक्यांवर तयार होत असल्यामुळे जपानी गेम त्या यंत्रात जसाच्या तसा घातला, तर लय संथ व्हायचीच, वर सूरही अर्ध्या स्वराहून जास्त खाली उतरायचा. शिवाय चित्र संपून पुढचं चित्र सुरू होईपर्यंतचा अवकाश लांबायचा. त्या अवकाशाच्या नेमक्या मापावर विसंबलेले काही गेम त्यामुळे बिघडायचे.

नक्कल करणाऱ्या तैवानी अभियंत्यांपुढचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांच्या गिऱ्हाइकाकडे टीव्ही ५० चा आणि कॅसेट जपानी. त्यांनी दोन गोष्टी केल्या. चिपचा वेग जपानी यंत्राच्या जवळ ठेवला, सेकंदाला सुमारे १७.७ लाख ठोके. आणि ६० च्या पद्धतीत एका चित्रामागे २६२ ओळी लागतात, ५० च्या पद्धतीत ३१२. या वाढीव ५० ओळी त्यांनी चित्र काढून झाल्यावर, पण गेमला 'चित्र झालं' हे कळवायच्या आधी, रिकाम्या सोडून दिल्या. गेमला या थांब्याचा पत्ताच लागत नाही. त्याला वाटतं आपण जपानमध्येच आहोत.

याचा परिणाम कानाला असा होतो: सूर जवळजवळ तोच राहतो, लय मात्र उतरते. कोजी कोन्दो यांनी मारिओसाठी बांधलेलं गाणं जपानी पोरांनी द्रुत लयीत ऐकलं. आमच्यासारख्यांनी तेच गाणं, त्याच सुरात, मध्यलयीत ऐकलं. तबलजीने एक हात आवरावा आणि गाणाऱ्याने पट्टी तीच ठेवावी, तसं.

आणि आम्ही ते नीट ऐकलं, कारण ते ऐकायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. त्या वर्षांत गावात भारनियमन होतं. लाईट गेली की खेळ संपला. त्या कॅसेटमध्ये काहीही साठवून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे सातव्या पातळीवर असताना लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही यंत्राचं बटण चालूच ठेवून द्यायचो. लाईट आली की टीव्ही आपोआप गाऊ लागायचा आणि मागच्या दारी असलेल्या आईला कळायचं की आली. ती लगेच पाण्याच्या मोटरकडे धावायची. घरातल्या दिव्याआधी मारिओ तिला बातमी द्यायचा.

यंत्राचं सोंग

हे सगळं फोनमध्ये कसं आलं, त्याला उत्तर आहे एम्युलेटर.

तुमच्यापैकी कुणी बहुरूपी पाहिलाय का? आमच्याकडे सुगीनंतर यायचा. अंगात खाकी, हातात दांडकं, दारात उभा राहून दम भरायचा. पोलिसाची प्रत्येक लकब त्याला पाठ. फक्त तो पोलीस नसायचा. एम्युलेटर तेच करतो. फोनची चिप मारिओच्या भाषेत एक अक्षरही बोलत नाही. एम्युलेटर गेममधली एकेक आज्ञा वाचतो, जुन्या चिपने ती ऐकून काय केलं असतं ते बघतो आणि तेवढंच करतो. गेम विचारतो, उडीचं बटण दाबलं का? एम्युलेटर काचेवरच्या अंगठ्याकडे बघून सांगतो, दाबलं. बदकं मारायच्या गेममध्ये तर तो साफ खोटं बोलतो. खरं पिस्तूल गोळी मारत नव्हतं, टीव्हीकडून येणारा उजेड बघत होतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. पिस्तुलाला तो दिसला तर नेम लागला. फोनमध्ये पिस्तूल नाही. तुम्ही बदकावर बोट टेकवता आणि एम्युलेटर गेमला सांगतो, दिसला बरं का उजेड.

ही कल्पना गेमपेक्षा जुनी आहे. योग्य सूचना दिल्या तर एकच यंत्र दुसऱ्या कुठल्याही गणनयंत्राचं काम करू शकतं, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये कागदावर दाखवून दिलं. १९६४ मध्ये आयबीएमने 'सिस्टिम/३६०' हे नवं यंत्र जाहीर केलं तेव्हा गिऱ्हाइकांना जुन्या यंत्रांसाठी लिहून घेतलेले प्रोग्रॅम टाकून द्यायचे नव्हते. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला शिकवलं गेलं. 'एम्युलेटर' हा शब्द या कामातूनच रूढ झाला. हिशेबाच्या वह्या वाचवण्यासाठी शोधलेली युक्ती तीस वर्षांनी पोरांच्या हाती लागली. १९९६ मध्ये मरात फैजुल्लिन यांचा 'आयनेस' आला, एप्रिल १९९७ मध्ये 'नेस्टिकल' आला आणि घरच्या साध्या संगणकावर मारिओ धावू लागला. आज 'रेट्रोआर्च'सारखी ॲप्स फोनवर फुकट मिळतात. ॲपलने आपल्या दुकानात अशा ॲप्सना एप्रिल २०२४ पर्यंत दारातच उभं केलं होतं. दार उघडलं आणि 'डेल्टा' आत आला.

सोंग वठवायचं तर मूळ माणूस बारकाईने बघावा लागतो. एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी जुन्या यंत्रांचा अभ्यास असाच केला. कुठल्या आज्ञेला किती ठोके लागतात, कुठली चूक कुठल्या चिपमध्ये होते, हे सारं मोजून लिहून ठेवलं. आणि मोजता मोजता त्यांना दिसलं की नकलांचीही एक स्वतंत्र जात आहे.

मेनूतलं नाव

एका रात्री रेट्रोआर्चच्या सेटिंगमध्ये भटकत असताना मला 'रीजन' नावाची एक ओळ दिसली. पर्याय होते: ऑटो, एनटीएससी, पाल आणि डेन्डी. पहिल्या तिघांचा अर्थ लागला. डेन्डी हा देश कुठला?

तो देश नव्हे. डिसेंबर १९९२ मध्ये रशियातल्या 'स्टीपलर' कंपनीने तैवानमध्ये बनलेलं असंच एक नक्कल यंत्र 'डेन्डी' नावाने बाजारात आणलं आणि तिथली एक अख्खी पिढी त्यावर वाढली. रशियन पोरं मोठी झाली, प्रोग्रॅमर झाली. त्यांच्या आठवणीतला वेग जगाच्या एम्युलेटरांमध्ये त्यांच्याच यंत्राच्या नावाने नोंदला गेला. सेकंदाला ५० चित्रं, जवळपास जपानी सूर आणि त्या ५० रिकाम्या ओळी. मी तो पर्याय निवडला, मारिओ सुरू केला आणि पहिला खड्डा न अडखळता पार केला. मागोमाग दुसराही. बोटांना सगळं आठवत होतं. फक्त त्यांना त्यांचा काळ परत हवा होता.

पण कानावर किती विसंबायचं? आमचं यंत्र तपासायला उरलेलं नव्हतं. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला पूर आला आणि सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. आमच्या घरातून जे गेलं त्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं ते यंत्रही होतं. चिखलातून काढलं, धुतलं, उन्हात ठेवलं. पुन्हा चाललं नाही. कुणी हळहळलंही नाही. धान्य भिजलं होतं, यंत्राचं काय एवढं?

शेवटी ओझरच्या मावसभावाच्या माळ्यावर तसंच एक यंत्र निघालं. आम्ही दोघांनी साथीदाराला भेटायला जावं तसं त्याला खाली उतरवलं. त्याच्या टीव्हीला अजून पिवळ्या-पांढऱ्या वायरींची भोकं होती. मारिओ सुरू केला, त्याला एका जागी उभा केला आणि फोनमधलं स्टॉपवॉच लावलं. कोपऱ्यातला आकडा ४०० वरून ३०० वर यायला जपानी हिशेबाने ४० सेकंद लागायला हवेत. १०० गुणिले २४ चित्रं, भागिले ६०. आमच्या यंत्राला लागले ४८. भागिले ५०.

जपानी पोराला पहिली पातळी पार करायला १६० सेकंद मिळत होते. आम्हाला १९२. बत्तीस सेकंद जास्त. आपण फार हुशार होतो, ही माझी समजूत त्या दिवशी जराशी खाली आली. पण पुतण्याला दाखवायला पुरावा मिळाला.

पैशाचं सोंग

आता अवघड भाग. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. एम्युलेटरचंही तेच आहे.

एम्युलेटर बनवणं हा गुन्हा नाही. सोनीने 'कनेक्टिक्स' कंपनीवर भरलेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली हे मान्य केलं. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सुद्धा, प्रोग्रॅम कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला, हरवण्याच्या भीतीपोटी त्याची प्रत ठेवायची आणि दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायची मुभा देतं. पण गेमची फाइल ही वेगळी गोष्ट. मारिओवर आजही निन्टेन्डोचा हक्क आहे. इंटरनेटवरून उतरवलेली त्याची फाइल चोरीचीच, भले ती ४० केबीची असो. कांद्याच्या पैशातून घेतलेली आमची कॅसेटही चोरीचीच होती. तिच्यातला एक रुपयाही कोन्दो यांच्यापर्यंत पोचला नाही. हे मला गोड करून सांगता येत नाही.

पण दुसरी बाजूही हिशेबात धरायला हवी. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज कुठेही विकत मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. हे झालं अस्सल गेमचं. नकलांचं काय? मारिओ निन्टेन्डो जपून ठेवील, विकत राहील. '९९९९ इन १' कोण जपणार? तिच्यावर ना मालक हक्क सांगू शकतो, ना बनवणारा पुढे येऊ शकतो. नाव खोडलेला मारिओ, तिसऱ्या पातळीपासून सुरू होणारा कॉन्ट्रा, यादीच्या मागे वाजणारी ती धून, सेकंदाला पन्नास चित्रं. आमच्या भागातल्या एका पिढीने हेच खेळलं. अस्सल प्रत जपून ठेवली तरी आमचा अनुभव तिच्यात नाही. तो नकलेतच आहे, आणि नक्कल जपली ती कुठल्या तरी देशातल्या हौशी पोरांनी, रात्र रात्र मोजमापं घेऊन.

त्यांनी स्वतःच्या यंत्राचं नाव दिलं, यात त्यांचं काय चुकलं? ज्याने मोजलं त्याने नाव दिलं. आम्ही मोजलं नव्हतं. आमचं यंत्र भंगारात गेलं, पुरात गेलं, बोहारणीच्या गाठोड्यात गेलं. तुमच्या घरी माळ्यावर असं काही पडलेलं असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा टीव्हीला लावा. मारिओला उभा करा आणि चारशेपासून तीनशेपर्यंत मोजा. आकडा, यंत्राचं नाव, कुठून घेतलं आणि साधारण कधी, हे एका कागदावर लिहा. इतिहास म्हणून एवढंही पुरे आहे.

परवा संध्याकाळी गावी होतो. लाईट गेली होती. अंगणात बसून पुतण्याला डेन्डीवर मारिओ लावून दिला. त्याला तो फार हळू वाटला. दोनदा उडी लवकर मारून खड्ड्यात पडला. मी काही बोललो नाही. फोनचा आवाज मोठा होता, गाणं त्याच्या जुन्या चालीने वाजत होतं.

मागच्या दारातून आईचा आवाज आला, "आली का रे लाईट?"